गुरुकुलातल्या शिक्षकांना डिजिटल फळा शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

निपाणीचा_गणितवाला

नमस्कार मंडळी. मी निपाणी तालुक्यातल्या एका जैन गुरुकुलाच्या हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवतो. मराठी माध्यम, अभ्यासक्रम कर्नाटकाचा, निम्मी मुलं बोर्डिंगची. आम्ही ११ शिक्षक आहोत.

दिवाळीनंतर आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं, इचलकरंजीत त्याचे यंत्रमाग आहेत, शाळेला ७५ इंची पॅनल, म्हणजे बोटानं चालणारा डिजिटल फळा, दिलं. हॉलमध्ये भिंतीला लावलं, नारळ फोडला, फोटो निघाले. आज त्याच्यावर पांढरं कापड टाकलेलं आहे. मी आणि इंग्रजीचे सर वापरतो, बाकी कुणी हात लावत नाही. हेडमास्तरांनी आता मला सांगितलंय, 'जूनपर्यंत सगळ्यांना तयार करायचं.' म्हणून हा धागा.

आधी जे झालं ते सांगतो, कारण गाडी तिथंच अडलीय. पॅनल बसवणाऱ्या कंपनीचा माणूस प्रशिक्षणाला एकदाच आला, दुपारी साडेचार ते साडेसहा. मुलगा हुशार होता, पण सगळं हिंदीत, आणि दोन तासांत जेवढ्या म्हणून सोयी आहेत तेवढ्या दाखवायची घाई. पृथ्वी फिरवली, हृदय उघडलं, आणि मग बेडूक चिरून दाखवला. पडद्यावर सुरी फिरली, कातडी बाजूला झाली. आमच्याकडे पाणी गाळून पितात. त्या हॉलमध्ये सकाळी मुलं सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसतात. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला ठाऊकच नव्हतं. पण हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही.

साडेपाचला आमचे गुरुजी उठले. बोर्डिंगचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकावं लागतं आणि पंगतीची जबाबदारी त्यांची. त्या मुलाला वाटलं, म्हातारे कंटाळून चालले. तो म्हणाला, 'सीनिअर लोगों को थोडा मुश्किल जाता है.' गुरुजी दारात थांबले, काही न बोलता गेले.

हे गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचा कणा. वय ५६, संस्कृत, मराठी आणि धर्माचा तास. त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघायला दुसऱ्या शाळेतले शिक्षक येतात. एवढं होऊनही एक दिवस शाळा सुटल्यावर ते एकटेच पॅनलजवळ गेले. पेन घेऊन एक ओळ लिहिली. लिहिता लिहिता तळवा काचेला टेकला आणि अर्धी ओळ पुसली गेली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. खिडकीत नववीची दोन मुलं उभी होती, ती हसली. दुसऱ्या दिवशी कापड गुरुजींनीच घातलं. मला एवढंच म्हणाले, 'ह्यात माझं अक्षर माझं राहत नाही.'

ते हात लावत नाहीत म्हणून बाकीचेही लावत नाहीत. एसएटीएसची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींची, माहिती भरायची म्हटलं तर हीच सगळी माणसं मोबाईलवर झरझर भरतात. म्हणजे यंत्राची भीती नाही. मग अडतंय कुठं? धार्मिक संस्थेच्या शाळेत कुणी असं प्रशिक्षण नीट केलं असेल तर कसं केलं ते सविस्तर सांगा. साध्या शाळेतले उपाय मला माहीत आहेत, ते इथं पुरत नाहीत.

---

खानापूरची_बाई

सर, तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. खिडकीतली ती दोन मुलं.

मी खानापूर तालुक्यात मिशनच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते, १७ वर्षं झाली. आमच्या शाळा काय, तुमची गुरुकुलं काय, मदरसे काय, इथं शिक्षक म्हणजे नुसता विषय शिकवणारा माणूस नव्हे. मुलं वाकून नमस्कार करतात. प्रार्थना तोच घेतो, आजारी मुलाच्या उशाशी तोच बसतो. अशा माणसाला मुलांच्या देखत चुकायला लावलं की तो पुन्हा त्या वस्तूकडे फिरकत नाही, आणि त्याला हट्टी म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

आमच्याकडे प्रोजेक्टर आला तेव्हा असंच झालं होतं. मग हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी एक गोष्ट केली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं घरी, हॉलचं दार बंद, आणि पहिल्या बाकावर शिकायला सिस्टर स्वतः. त्यांना माऊस धरता येत नव्हता. सगळ्यांसमोर त्या चुकल्या, 'परत सांग गं' म्हणाल्या, परत चुकल्या. त्या दिवसानंतर आमच्यापैकी कुणालाही चुकायची लाज वाटली नाही. तुमचे हेडमास्तर नुसता हुकूम देणार असतील तर त्यांना आधी विद्यार्थी करा.

दुसरं, पॅनल शिकवू नका. प्रत्येकाला विचारा, 'तुमचा असा कोणता धडा आहे जो खडूनं कितीही जीव तोडला तरी मुलांच्या डोक्यात उतरत नाही?' एकच धडा, आणि त्याच्यापुरतीच एक युक्ती. माझा धडा होता ओहमचा नियम. फेट नावाच्या मोफत साइटवरचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा प्रयोग, मराठीतून मिळतं. त्यात व्होल्टेजची पट्टी वर सरकवली की सूत्रातलं व्ही हे अक्षर मोठं होतं, आय पण मोठं होतं. रोध वाढवला की आर फुगतो आणि आय बारीक होतो. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरची एक मुलगी, कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, 'बाई, आर मोठा झाला की आय दबतोय बघा.' व्यस्त प्रमाण हा शब्द मी त्यानंतर सांगितला. कन्नडच्या टीचरनी अक्षरांची वळणं घेतली, कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, कारण मराठी घरातली पोरं कन्नडचा 'ಳ' (ळ) सोडा, साधा 'ಅ' (अ) काढतानाच गोंधळतात. इतिहासाच्या सरांनी फक्त नकाशा मोठा करणं घेतलं. वर्षभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. चाललं!

इथल्या अडचणी तुम्हाला माहीतच आहेत. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात पाऊस लागला की करंट जातो आणि रेंज तर नसतेच. म्हणून मी सगळं आधी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवते. फेटची फाईल नेट नसताना चालते. सरकारच्या दीक्षा ॲपमधलं साहित्य पुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन करून, स्वतः बघून, डाऊनलोड करूनच वर्गात न्यावं. आणि यूट्यूबवर मराठीत शोधताना जपून. बालभारतीच्या पुस्तकांवरचे व्हिडिओ ढिगानं सापडतात, पण आपली पुस्तकं कर्नाटकाची, धड्यांचा क्रम वेगळा. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांचा त्यानं घोळ होतो.

बेडकाचं वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे कुणी येणार असेल तर सिस्टर आधी त्याला चहाला बोलावतात आणि शाळा फिरवून दाखवतात, चॅपलसकट.

---

सदलग्याचा_माजी_विद्यार्थी

राग मानू नका सर, पण गुरुकुलात हे हवंय कशाला? मी गुरुकुलातच शिकलो. पाठांतर तोंडानं झालं, अक्षर खडूनं सुधारलं, आज बँकेत काम करतो. पडदे मुलांना घरी भरपूर आहेत. ५६ वर्षांच्या माणसाला ह्या वयात त्रास देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

---

निपाणीचा_गणितवाला

भाऊ, राग कसला, गुरुकुलाचं माणूस म्हणजे घरचंच. पाठांतर तोंडानंच होणार, त्याला कुणी हात लावत नाही. पण माझ्या दहावीच्या वर्गात त्रिकोणमिती शिकवताना मनोऱ्याची उंची आणि उन्नत कोन ह्यांचं नातं मी फळ्यावर दहा वेळा पुसून काढतो, तरी निम्म्या मुलांना मनोरा हलतोय की माणूस मागं सरकतोय हे कळत नाही. जिओजेब्रा ह्या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बिंदू बोटानं ओढला की कोन बारीक होताना दिसतो. बोर्डिंगच्या मुलांकडे मोबाईल नसतो, शिकवणी लावायला पैसा नसतो. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आमची मुलं घरी गेली आणि काही जणांच्या हातात पुस्तकाशिवाय काही नव्हतं. तेव्हापासून मला हे लागून राहिलंय. आणि गुरुजींना त्रास द्यायचा नाही, म्हणूनच तर विचारतोय.

---

उस्ताद_बेळगाव

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. मी बेळगावात एका मदरशात हिसाब आणि कॉम्प्युटर शिकवतो, माझं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेत झालं. दोन वर्षांपूर्वी आमच्या उस्तादांना शिकवायची जबाबदारी माझ्यावर होती, म्हणून थोडं लिहितो.

सर, तुमच्या गुरुजींचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्या. नकारात बहुतेक वेळा एक खरी गोष्ट असते. आमचे मोठे मौलाना टीव्हीला नाही म्हणायचे. आम्हाला वाटलं, जुने विचार. मी एक दिवस त्यांच्याजवळ बसून विचारलं तर म्हणाले, 'बेटा, तू तिलावत (कुराणपठण) लावलीस आणि मध्येच जाहिरात आली. बाईचं चित्र आलं. मुलांची नजर माझ्याकडे होती. मी काय करायचं होतं?' ह्यावर माझ्याकडे जवाब नव्हता, कारण चूक माझी होती. मी चालू वर्गात नेटवरून थेट लावलं होतं.

तेव्हापासून आमचा नियम, वर्गात नेट बंद. जे दाखवायचं ते आधी उतरवलेलं आणि उस्तादांनी स्वतः पाहिलेलं. ते 'हो' म्हणाले तरच मुलांसमोर. हा हक्क त्यांच्या हातात दिला आणि विरोध संपला.

आता मौलाना काय वापरतात ते सांगतो. अरबी हर्फ, म्हणजे अक्षर, तोंडात कुठून निघतो, घशातून, जिभेच्या मुळातून की ओठांतून, त्याला मखारिज म्हणतात. आधी ते एकेका मुलाला तोंड उघडून दाखवायचे, ४० मुलांत तास संपायचा. आम्ही तोंडाच्या आतल्या भागाची एक रेघांची आकृती मोठी करून लावली. चेहरा नाही, नुसती जीभ, टाळू, दात. मौलाना छडीनं दाखवतात, 'काफ इथून, क़ाफ इथून.' मुलं एका वेळी म्हणतात. ती आकृती कशी हवी, जीभ कुठं वळवायची, हे सगळं त्यांनीच सांगितलं, मी फक्त काढली. आज कुणी पाहुणा आला की ते 'माझी तस्वीर' म्हणून दाखवतात.

आणखी एक. उच्चाराचं रेकॉर्डिंग. उस्तादांचा स्वतःचा आवाज मोबाईलवर घ्या आणि सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांना द्या. बाहेरच्या कारीचा, म्हणजे कुराण म्हणणाऱ्याचा, आवाज कितीही गोड असो, मुलाला आपल्या उस्तादांचाच लागतो. तुमच्याकडे स्तोत्रं असतील, तिथं हे लगेच जमेल.

---

निवृत्त_प्रशिक्षक_चिकोडी

मी कितीतरी वर्षं शिक्षक-प्रशिक्षणात घालवली, म्हणून दोनच गोष्टी.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. हे ५० तास बहुतेक ठिकाणी कसे भरतात ते आपण निष्ठा ह्या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाच्या ऑनलाइन कोर्सच्या वेळी पाहिलं. व्हिडिओ चालू ठेवून भाकरी भाजायची, शेवटी प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं. शिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्या वर्गात येऊन पुन्हा कुणी विचारलंच नाही की ते शिकलेलं वापरलं का. एका दिवसाचं मोठं शिबिर घेण्यापेक्षा आठवड्याला पाऊण तास, आणि पुढच्या आठवड्यात 'काय अडलं?' हा प्रश्न, ह्यानं माणूस पुढं सरकतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर ह्या दोघांनी २००६ साली एक मांडणी केली. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान, तिन्ही जिथं एकमेकांत मिसळतात तिथं चांगलं शिकवणं होतं. तुमच्या गुरुजींकडे ह्यातल्या दोन गोष्टी तीस वर्षांच्या तपश्चर्येनं आलेल्या आहेत. कंपनीचा मुलगा फक्त तिसरी घेऊन आला होता आणि त्यानं गुरुजींना रिकामं समजलं. तुम्ही त्यांच्याकडे शिकायला जा. मला वाटतं तुम्ही त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसलात तर पेन आपोआप त्यांच्या हातात जाईल.

मुलांना मदतनीस म्हणून उभं करायचं बरेच जण सुचवतील. पहिले तीन महिने तरी करू नका. उस्तादजींचं नेट बंद ठेवायचं मात्र आजपासून करा.

---

निपाणीचा_गणितवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार नंतर मानतो, आधी झालं ते सांगतो.

हेडमास्तरांना खानापूरच्या बाईंची गोष्ट वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'शनिवारी मी येतो.' शनिवारी बारा वाजता हॉलचं दार लावलं. खिडक्याही लावल्या. हेडमास्तर, कन्नडच्या मॅडम, गुरुजी आणि मी. गुरुजी आले ते हेडमास्तर बसलेत म्हणून आले, कडेच्या खुर्चीवर टेकले.

मी आदल्या दिवशी पॅनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तळव्यानं पुसायची सोय बंद केली होती. एवढी साधी गोष्ट. ती पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर गुरुजींचं अक्षर पुसलं गेलं नसतं.

मग मी म्हणालो, 'गुरुजी, रोज प्रार्थनेत म्हणतो ते स्तोत्र वसंततिलका वृत्तात आहे असं तुम्ही मुलांना सांगता. मी गणिताचा माणूस, मला त्याची मोजणी कधी कळली नाही. आज शिकवा.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरंच शिकायला बसलो होतो हे त्यांना दिसलं असावं. बसल्या जागेवरून त्यांनी सुरुवात केली, 'प्रत्येक चरणात १४ अक्षरं. गण त, भ, ज, ज आणि शेवटी दोन गुरू.' बोटं मोजत म्हणू लागले. मला कळेना. ते उठले, सवयीनं खडू शोधला, फळ्याच्या जागी पॅनल. मी पेन पुढं केलं.

पहिला चरण त्यांनी लिहिला. हात टेकवूनच लिहिला आणि काही पुसलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं, हात उचलून तळव्याकडे बघितलं, पुन्हा टेकवला. मग प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लघूची खूण हिरवी आणि गुरूची तांबडी. रंग बदलायचं मी एकदाच दाखवलं. खाली दुसरा चरण लिहिला, तो थोडा डावीकडे गेला. मी विचारलं, 'सरकवू का?' आणि बोटानं आख्खी ओळ उचलून पहिल्या ओळीच्या बरोबर खाली नेली. तांबड्याखाली तांबडं, हिरव्याखाली हिरवं, १४ च्या १४ खुणा एका रेघेत बसल्या. कन्नडच्या मॅडमच्या तोंडून 'अय्यो' निघालं.

गुरुजी मागं सरकून बघत उभे राहिले. मग स्वतः बोटानं ती ओळ खाली नेली, परत वर आणली. म्हणाले, 'हे उद्या असंच राहील?' मी म्हणालो, 'राहील. पुढच्या वर्षीही राहील.' त्यांनी रोजच्या फळ्यावर घालतात तशी उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.

दुसऱ्या शनिवारी ते स्वतःहून आले, हातात दहावीची प्रश्नपत्रिका असलेला पेन ड्राइव्ह. ती उघडली तर सगळा चिन्हांचा चिवडा, कारण त्यांनी ती श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतलेली होती, आणि तो फॉन्ट पॅनलवर नव्हता. मी युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखंच उघडणारं लिखाण, काय असतं ते सांगितलं आणि त्यांच्या मोबाईलवर मराठीत बोलून लिहायचं दाखवलं. संस्कृत शब्द त्याला नीट कळत नाहीत, पण मराठीचे प्रश्न त्यांनी बोलून लिहिले. एका चुकलेल्या जोडाक्षरावर मात्र अर्धा तास थांबले. मी घाई केली नाही.

उस्तादजी, आवाजाचं तुम्ही सांगितलंत ते सगळ्यात पटकन झालं. अभ्यासिकेत पंखे बंद करून गुरुजींनी आख्खं स्तोत्र म्हटलं. दोन ठिकाणी श्वास चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. उन्हाळी सुट्टीत ते मुलांच्या पालकांना पाठवणार आहोत. वर्गात नेट बंद, आणि नवीन काही दाखवायचं तर आधी गुरुजी बघतात, हाही नियम केला. बेडकाचं ॲप मी काढून टाकलं.

११ पैकी सध्या सहा जण शनिवारी येतात. वेळ बारा ते पावणेएक, पंगतीला धक्का नाही. चातुर्मासात कार्यक्रम वाढतात तेव्हा ही वेळ टिकवणं अवघड जाईल, त्याचा विचार आत्तापासून करतोय. कन्नडच्या मॅडमचं मात्र अडलंय. त्यांचं दहा वर्षांचं साहित्य जुन्या नुडी फॉन्टमध्ये आहे, ते पॅनलवर नीट उघडत नाही. एकेक पान पुन्हा टाईप करणं त्यांना शक्य नाही. कुणी हे बदलून घेतलं असेल तर कसं ते सांगा.

---

खानापूरची_बाई

गुरुजींना माझा नमस्कार सांगा. 'हे उद्या असंच राहील?' वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या कन्नड टीचरनी नुडीच्या फाईली युनिकोडमध्ये बदलून घेतल्यात, गेल्याच वर्षी. त्यांना विचारून पायऱ्या लिहून पाठवते. त्या म्हणाल्या, मॅडमना फोनवर सांगण्यापेक्षा शेजारी बसून दाखवलेलं बरं. येत्या रविवारी त्या कामानं बेळगावला जाणार आहेत. मॅडम निपाणीहून येऊ शकतील का? सकाळी दहाला सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, भेटता येईल. लॅपटॉप आमचा आणतो, फाईली तेवढ्या आणायला सांगा.